तांबड्या

तांबड्या माझ्या सायकलच्या सीटखाली राहतो. दांड्याला रबरी पट्ट्याने आवळलेला, अंगठ्याहून थोडा मोठा, काळा प्लॅस्टिकचा देह आणि मागच्या अंगाला लाल काच. काच म्हणायचं एवढंच, तेही प्लॅस्टिकच आहे. डोक्यावर एक बटण, पोटाशी चार्जिंगचं बारीक तोंड आणि त्या तोंडावर रबराचं झाकण. नाव ठेवलं धाकट्या मुलीने. हँडलवरच्या पांढऱ्या दिव्याला तिने नाव दिलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तो नुसता दिवा आहे, बाबा." पांढरा दिवा खड्डा दाखवतो, वळण दाखवतो, त्याचा उपयोग सतत डोळ्यांसमोर असतो. तांबड्याच्या उजेडात मी आजवर काहीही पाहिलेलं नाही. तो आपला सगळा उजेड मागच्यांना देतो: पीएमपी बसच्या ड्रायव्हरला, दुधाच्या टेम्पोला, घाईतल्या दुचाकीवाल्याला. पुढे माणूस आहे, एवढं एकच वाक्य त्याला येतं आणि ते तो रस्ताभर म्हणत राहतो.

पहाटे सिंहगडाकडे निघालं की खडकवासल्यापुढे रस्त्यावरचे दिवे विरळ होतात. तिथून पुढे कोण चाललंय हे आम्ही सायकलवाले एकमेकांच्या लाल दिव्यांवरून ओळखतो. कुणाचा गोल, कुणाचा उभा, कुणाचा हेल्मेटवर. तांबड्याचा उजेड आडवा आणि जरासा खोल आहे, भडक नाही. त्याला तीन तऱ्हा येतात: स्थिर, संथ लुकलुक आणि घाईची लुकलुक. लुकलुकता दिवा चटकन नजरेत भरतो हे खरं, पण अंधारात तो किती लांब आहे याचा अंदाज मागच्याला नीट येत नाही. जर्मनीत सायकलवर लुकलुकणारा दिवा लावायला मनाईच आहे. मीही त्याला स्थिर ठेवतो. चार जण एकामागोमाग चालले असताना मागच्याच्या डोळ्यांत तासभर लुकलुक मारत राहणं मला बरं वाटत नाही.

त्याचा शेजारी म्हणजे लाल परावर्तक. त्याला स्वतःचा उजेड नाही, मागच्या गाडीचा झोत पडला की तोच तो परत धाडतो. त्याच्या पोटात बिघडण्यासारखं काही नाही, त्याला चार्जिंग नको, आणि म्हणून त्याच्याबद्दल मला आदर आहे. केंद्र सरकारने २०२० साली सायकलच्या परावर्तकांसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला, तेही योग्यच झालं. पण आडव्या गल्लीतून वळून येणाऱ्या गाडीचा झोत सायकलवर पडायच्या आधीच सायकल दिसायला हवी असते. तिथे स्वतःचा उजेड असलेलाच कोणीतरी लागतो.

माझ्या बाबांच्या सायकलला डायनामो होता. टायरला टेकवायचा, घर्र आवाज करायचा, पेडल जड व्हायचं. सहा व्होल्ट, तीन वॅट. जुन्या पुण्यात बिनदिव्याच्या सायकलवाल्याला पोलीस अडवत, त्यामुळे चौकी जवळ आली की लोक वाकून डायनामो टायरला लावत. त्या डायनामोची एक मोठी उणीव होती. सायकल थांबली की दिवा विझायचा. म्हणजे चौकात, जिथे मागच्याने आपल्याला बघायला हवं, नेमका तिथेच अंधार. तांबड्या थांबल्यावरही बोलत राहतो. डायनामोचं दुखणं मात्र उघड्यावर असायचं. तार सुटली, बल्बची तार तुटली, टायर ओला होऊन चाक घसरलं. जे काही असेल ते वाकून पाहिलं की दिसायचं. तांबड्याने आपलं सगळं आत मिटून घेतलंय.

त्याच्या पोटात दोन घराणी एकत्र आली आहेत. एक लाल एलईडीचं: निक होलोनियाक यांनी १९६२ साली अमेरिकेत डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी करून दाखवला. दुसरं लिथियम आयन सेलचं: सोनीने तो १९९१ साली बाजारात आणला. या दोघांचं जमतंही चांगलं. लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट पुरतात, आणि सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो, रिकामा होत आला तरी तीनच्या आसपास असतो. त्यामुळे सेल थकत आला तरी तांबड्याचं तेज बराच वेळ टिकतं. पांढऱ्या एलईडीला मुळातच तीन व्होल्टच्या घरात लागतात, म्हणून पुढचे दिवे आधी मंदावतात. लाल दिवे काटकसरी असतात, आणि तांबड्या त्यांतलाही सोशिक.

तो आजारी आहे हे मला दुसऱ्याने सांगितलं. मागच्या दिव्याचं हे असंच असतं, तो विझला तरी चालवणाऱ्याला कळत नाही. पावसाळा सरल्यावर पहिल्यांदाच पहाटे बाहेर पडलो होतो. मागून एक मुलगी जोरात पुढे आली आणि ओरडून गेली, "काका, मागचा लाइट बंद आहे तुमचा!"

घरी येऊन चार्जिंगला लावला. आधी लाल खूण लागली आणि मिनिटभरातच हिरवी झाली. हिरवी म्हणजे पोट भरलं. बटण दाबलं तर लागला, आणि श्वास घ्यावा एवढ्यात विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पोट भरलंय म्हणणारा आणि चार पावलं टाकताच मटकन बसणारा. दुकानात नेला तर तिथल्या पोराने हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "बॅटरी गेली, काका. नवीनच घ्या. हा उघडत नाही."

बॅटरी गेली, हे निदान लोक पहिल्यांदा करतात, कारण बॅटरी हा एकच भाग सगळ्यांना माहीत असतो. मला त्यात एक गोष्ट पटत नव्हती. शेवटच्या पावसाळी फेरीत तांबड्या नीट चालला होता. त्यानंतर तो खिळ्याला टांगलेला होता, विश्रांतीत. कामावर असताना ज्याला काही झालं नाही तो रिकामा बसून आजारी कसा पडला?

त्याला उघडायला स्क्रू नाही. लाल काच काळ्या देहावर गोंदाने बसवलेली. केस वाळवायच्या यंत्राची ऊब सांध्यावर फिरवत राहिलं की गोंद मऊ पडतो; मग मुदत संपलेल्या एटीएम कार्डाची कड फटीत सरकवायची आणि थोडं थोडं करत सगळीकडून फिरवायची. चाकू किंवा स्क्रू ड्रायव्हर आत खुपसायचा नाही. लिथियमचा सेल पातळ चंदेरी पाकिटात असतो, त्याला टोक लागलं तर आतले थर एकमेकांना भिडून पेट घेऊ शकतात. बटणाच्या बाजूने सुरुवात केली तर काच लवकर सुटते. हे काम सावकाश करण्यात सुख आहे. धाकटीला शेजारी बसवलं होतं, तिने काच उचलताना श्वास रोखून धरला होता.

आत बघितल्यावर आधी सेलकडे पाहिलं. तो फुगलेला असता तर मी तिथेच थांबलो असतो. फुगलेल्या सेलवर दुरुस्ती करायची नसते, तो फक्त काढून बाजूला ठेवायचा असतो. तांबड्याचा सेल सपाट होता. त्याच्या दोन पट्ट्यांवर मल्टिमीटरची टोकं टेकवली: ३.६ व्होल्ट. बराचसा उतरलेला, पण धडधाकट. दोनच्या खाली उतरून महिनोन् महिने पडलेला सेल मी पुन्हा चार्ज केला नसता, कारण इतका उतरलेला सेल आतून बिघडतो आणि नंतर धोका देतो. मग सेलच्या तारा जिथे सर्किट बोर्डाला जोडलेल्या असतात तिथे मोजलं. तिथेही ३.६. म्हणजे सगळं ठीक?

दिवा बंद असताना ठीक. मुलीला म्हटलं, आता बटण दाब. दिवा क्षणभर लागला आणि बोर्डावरचा आकडा धाडकन दोनच्याही खाली आला. टोकं परत सेलवर नेली, बटण पुन्हा दाबायला लावलं. सेलवर ३.६ तसाच, हललासुद्धा नाही.

या दोन मोजण्यांत अख्खं दुखणं सापडलं. सेल देत होता, बोर्डाला पोहोचत नव्हतं. मधल्या बोटभर तारेत, कुठल्यातरी एका सांध्यात, व्होल्टेज अडकून पडत होतं. रिकामपणी ते दिसत नाही, कारण प्रवाहच वाहत नसतो आणि मीटर स्वतः जेमतेम काही ओढतो. काम सांगितलं की दिसतं. विजेवरची कुठलीही वस्तू तपासताना ती चालू असताना मोजावी, असं मी कोणालाही आवर्जून सांगेन. नुसत्या बसलेल्या तांबड्याला पाहून दुकानातला पोरगा काय, मीही बॅटरीलाच दोष दिला असता.

भिंग घेऊन धन तारेचा सांधा बघितला. सोल्डरच्या थेंबाभोवती हिरवट-निळी पूड जमली होती. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात चढतो तसा कळंक. खालच्या तांब्याच्या चकतीवरचा कथलाचा थर खाल्ला गेला होता आणि थेंब नुसताच वर बसलेला होता, टोकाला केसाएवढा धरून. ऋण तारेचा सांधा मात्र शेजारीच, लखलखीत.

धन टोकच का, याला कारण आहे. ओलाव्याचा पातळ थर दोन टोकांना जोडतो, त्यातून अगदी बारीक प्रवाह वाहतो, आणि अशा वेळी धातू झिजतो तो धन टोकाचा. दिवा बंद असला तरी सेल बोर्डाला जोडलेलाच असतो, म्हणून ही झीज रात्रंदिवस चालू राहते. तांबड्या खिळ्यावर टांगलेला असताना आजारी का पडला, हे इथे उलगडलं. पाणी पावसात आत आलं होतं, पण त्याने आपलं काम केलं ते नंतरच्या कोरड्या, निवांत आठवड्यांत.

आणि पाणी आलं कसं? रबराचं झाकण तर लावलेलं असायचं. दिवा बराच वेळ चालला की आतली हवा थोडी तापते आणि पसरते. मग पावसाची सर येते, देह गार पडतो, हवा आकसते आणि बाहेरचं काहीतरी आत ओढून घेते. झाकणाच्या कडेला पाण्याचा थेंब असेल तर तोच आत जातो. वरून पडणाऱ्या सरीपेक्षा मागच्या चाकाने उडवलेलं चिखलाचं पाणी वाईट, ते खालून येतं आणि त्यात माती-मीठ असतं. तांबड्या नेमका चाकाच्या वरच बसलेला.

हिरव्या खुणेचंही कोडं आता सुटलं. बोर्डावर आठ पायांची एक चिप आहे, टीपी ४०५६, छोट्या वस्तूंत लिथियम सेल चार्ज करायला सर्रास वापरतात. ती ४.२ व्होल्टपर्यंत नेते, मग प्रवाह हळूहळू कमी होत जातो, आणि तो ठरलेल्या प्रवाहाच्या एक दशांशावर आला की सेल भरला असं धरून ती हिरवी खूण लावते. सेलमध्ये डोकावून बघायची तिला सोय नाही. तांबड्याच्या सांध्यातून प्रवाह जातच नव्हता. चिपने पाहिलं, प्रवाह अगदी थोडा आहे, म्हणजे पोट भरलं. तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं तिने प्रामाणिकपणे सांगितलं. लगेच हिरवं होणं आणि लगेच विझणं ही दोन लक्षणं एकाच कळंकातून आली होती, हे समजलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला. मुलीलाही झाला. तिने तांबड्याला "खोटारडा नाहीयेस तू" असं सांगितलं.

उपचाराला फार वेळ लागला नाही. पंचवीस वॅटची सोल्डरिंगची कांडी तापवली. धन तार सोडवली आणि तिच्या टोकाला ताबडतोब चिकटपट्टी गुंडाळली. सेलची दोन टोकं उघडी ठेवून काम करायचं नाही, आणि दोन्ही तारा एकाच कात्रीने एका दमात तर कधीच कापायच्या नाहीत, कात्रीच त्यांना जोडून देते. तारेचं प्लॅस्टिक थोडं सोललं तर आतले तंतू काळे पडलेले. कळंक तारेच्या आतून वर चढतो. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, म्हणून गुलाबी, चकचकीत तांबं दिसेपर्यंत तार मागे कापत गेलो. जेमतेम पुरेल एवढी उरली. बोर्डावरची चकती बारीक पॉलिश पेपरने घासली, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने आजूबाजूचा परिसर धुतला, वाळू दिला. मग थोडा फ्लक्स, आणि सोल्डर. कथील-शिशाचं नेहमीचं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतं. चकतीवर ते आधी गोळा होऊन बसतं, आणि तांबं पुरेसं तापलं की एका क्षणी पसरतं, कडांपर्यंत, चकाकत. ते पसरणं दिसलं नाही तर सांधा झालेला नाही असं समजावं. कांडी फक्त बोर्डाच्या बाजूला लावली. सेलच्या पट्ट्यांना उष्णता द्यायची नाही.

पुन्हा बटण, पुन्हा दोन जागी मीटर. सेलवर ३.६, बोर्डावरही जवळजवळ तेवढंच. दिवा चालू, आणि चालूच. चार्जिंगला लावल्यावर लाल खूण संध्याकाळपर्यंत हलली नाही. मग कुठे हिरवी झाली.

बंद करताना एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. बाजारात मिळणारं सिलिकॉन सीलंट दोन तऱ्हांचं असतं. एकाला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, कारण ते वाळताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं. बंद डबीत ते आम्ल तांब्यालाच खातं. म्हणजे पाण्यापासून वाचवायला लावायचं आणि आतून कळंक चढवायचा. बिनवासाचं, न्यूट्रल लिहिलेलं घ्यायचं. पुण्यात तापकीर गल्लीत विचारलं की देतात. नव्या सांध्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात दिला, काच न्यूट्रल सिलिकॉनने बसवली, रबराच्या झाकणाला सिलिकॉनचं ग्रीस लावलं. सीटखाली मडगार्डचा एक तुकडाही आता आहे, आणि भिजून आल्यावर झाकण उघडून तांबड्याला आधी वाळू देतो, मग चार्जिंग.

त्याच्या भावकीतल्या नव्या दिव्यांना टाइप-सीचं तोंड असतं. त्यांच्यातल्या काहींचं दुखणं तर दुखणंच नसतं. फोनच्या नव्या चार्जरला, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने लावलं की ते चार्ज होत नाहीत आणि लोक दिवा बिघडला म्हणून टाकून देतात. बनवणाऱ्याने ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. ते नसले की चार्जरला पलीकडे कोणी आहे हेच कळत नाही. जुन्या, चपट्या यूएसबी तोंडाच्या चार्जरला जुनी केबल लावून पाहावी, बहुतेक वेळा दिवा मुकाट्याने चार्ज होतो.

मला राग आहे तो गोंदाचा. दोन स्क्रू आणि एक रबरी रिंग दिली असती तर तांबड्या पाच मिनिटांत उघडला असता. युरोपीय संघाने २०२३ साली बॅटऱ्यांचा कायदा केला. छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे, असं त्यातलं कलम फेब्रुवारी २०२७ पासून लागू होतं. पाण्यात वापरायच्या काही वस्तूंना सूट आहे. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. सायकलच्या दिव्यापर्यंत हे कधी पोहोचेल ते पोहोचो. अंगठ्याएवढी वस्तू म्हणून कोणी तिच्यासाठी भांडत नाही, पण रात्री रस्त्यावर माणूस आणि ट्रक यांच्यामध्ये तीच असते.

तांबड्या पुन्हा कामावर आहे. काचेच्या कडेला सिलिकॉनची एक पांढुरकी रेघ राहिली, ती निघत नाही, धाकटीला ती आवडते. पहिल्या पहाटे तिला मी मुद्दाम मागून बघायला सांगितलं. सोसायटीच्या फाटकापासून वळणापर्यंत गेलो, आणि ती फाटकातूनच ओरडली, "दिसतोयस! अजून दिसतोयस!"

सेल कधीतरी खरंच थकेल. नवा आणताना जुन्याची जाडी, लांबी, रुंदी मोजून न्यायची, डोक्यावर पिवळ्या पट्टीखाली संरक्षणाचा छोटा बोर्ड असलेलाच घ्यायचा, आणि जुन्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्यायचा. ते मी करेन, किंवा मुलगी करेल. जुने घड्याळजी दुरुस्त केलेल्या घड्याळाच्या झाकणात आतून बारीक खूण कोरून ठेवत, पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. काच बसवण्याआधी आम्हीही काळ्या देहाच्या आतल्या भिंतीवर चंदेरी पेनाने लिहिलं आहे, अक्षर धाकटीचं: "सेल मूळचा. धन सांधा नवा. बटणाच्या बाजूने उघडा, तारा खालच्या टोकाला आहेत."